अजून एकदा लाव

"गेलं," आई म्हणाली.

स्क्रीन काळी झाली होती. लेकीने कपाळाला हात लावला. ग्राफिक्स कार्डाचा वेग तिने जेमतेम एक टप्पा वाढवला होता, तेवढ्यावरच कॉम्प्युटरने मान टाकली.

"मग आता गं?"

"आता एक टप्पा मागे यायचं. त्याला दम खाऊ द्यायचा, आणि पुन्हा टेस्ट."

"जळलं तर?"

"असं एकदम नाही जळत. हळूहळू चढवलं, तापतंय किती ते बघत राहिलं, की कार्ड स्वतःच सांगतं कुठे थांबायचं ते. कंपनीने आखून दिलेली हद्द काही खरी नसते. कंपन्या मेल्या भित्र्या! सगळ्यांना एकाच मापात बसवतात. ज्याची त्याची हद्द वेगळी असते, आणि ती चढून बघितल्याशिवाय कळत नाही."

आई तिच्या पाठीमागे, खिडकीजवळच्या खुर्चीत काठी मांडीवर घेऊन बसली होती. ती कान देऊन ऐकत होती.

गेल्या हिवाळ्यात ती याच इमारतीच्या जिन्यात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनीही हळूहळू चालायला लागा म्हणून सांगितलं. पण दुधाने तोंड पोळलेली लेक ताकही फुंकून प्यायला लागली. आईचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. लेकीने तिला तळमजल्यावर आपल्याकडे आणलं आणि नियमच घालून दिला: एकटीने उंबरठा ओलांडायचा नाही. अख्खी नोकरी टपाल वाटत लोकांचे जिने चढण्यात गेलेली बाई खोली ते न्हाणीघर एवढ्यावर येऊन ठेपली.

तिला वर जायचं होतं. आपल्या घरात, आपल्या खिडकीशी. तसं तिने बोलूनही दाखवलं, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि विषय तिथेच बुडाला. वरचं घर विकायचं ठरलं. व्यवहार पक्का करायला गिऱ्हाईक आजच संध्याकाळी येणार होतं. आई त्यावर चकार शब्द बोलली नव्हती.

उलट मधल्या काळात तिला या कार्डाचंच वेड लागलं होतं. टेस्ट संपली की म्हणायची, "अजून एकदा लाव ना." लेकीला बरं वाटायचं. चला, म्हातारीला विरंगुळा मिळाला.

आज स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. हौशी मंडळींची स्पर्धा. सगळ्यांकडे कार्ड एकाच मॉडेलचं, आणि सर्वांत जास्त वेग टिकवून दाखवील तो जिंकला. नुसता वेग गाठून भागत नाही. टेस्ट अर्धा तास चालवायची, समोर कॅमेरा लावायचा, आणि स्पर्धकाने खुर्ची सोडली की तो बाद. लेक एक टप्पा मागे आली. तरीही पहिल्या नंबरापेक्षा ती केसभर पुढेच होती.

"आता पुरता अर्धा तास का गं?" आईने विचारलं.

"पुरता."

"मग लाव."

पंखे सुटले. या पंख्यांपुढे शेजाऱ्याने दारात येऊन बोंब मारली तरी ऐकू आली नसती. स्क्रीनवर आकृत्या गरगरू लागल्या, तापमान चढत गेलं आणि एका जागी अडून बसलं. मध्येच चित्र थरथरलं. लेकीने श्वास रोखून धरला. चित्र सावरलं. मागे वळून बघायची तिची हिंमतच झाली नाही.

आणि हिरवी अक्षरं उमटली. पास!

"आई, जिंकले!" ती ओरडतच वळली.

खुर्ची रिकामी होती. काठी नव्हती. दार अर्धवट उघडं होतं.

लेक जिन्याकडे धावली. खाली कोणी पडलेलं नव्हतं. तेवढ्यात वरून हाक आली, "वर ये गं! चहा टाकलाय."

ती दोन दोन पायऱ्या गाळत वर पोचली. आई आपल्या ओट्याशी उभी होती. काठी भिंतीला टेकलेली, पातेल्यात पाणी उकळत होतं.

"पडली असतीस म्हणजे?"

"दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय थरथरले होते मागे एकदा. तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी एक पायरी कमी चढले. मग पुन्हा चढवत नेलं. तूच सांगतेस ना?"

लेकीने रागवायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. हसू आणि रडू एकदमच आलं. कार्डाच्या जिंकण्याचं तिला भानही उरलं नाही. कंपन्यांना भित्र्या म्हणणारी ती, तिनेच आईला उंबरठ्याच्या आत बसवलं होतं.

दारात धापा ऐकू आल्या. गिऱ्हाईक आलं होतं, आणि चौकट धरून उभं होतं.

"बाप रे, केवढा उभा जिना हा! तुमच्या आईंना काही झेपायचा नाही. विकताय ते बरंच करताय."

"बसा हो," आई म्हणाली, "चहा घ्या."

"चहा घ्या आणि दम खा," लेक म्हणाली. "पण माफ करा, घर विकायचं नाही. आई इथे राहणार आहे."

आईने कप भरताना हात जराही हलू दिला नाही. लेक काठीकडे बघत राहिली. फरशीवर केवढी ठक ठक वाजायची ती!

"पण आई, मला एकदाही कसं ऐकू आलं नाही?"

"कसं येईल? तुझे पंखे सुटले की माझी काठी कोणाला ऐकू जाते? म्हणून तर रोज म्हणायचे, अजून एकदा लाव."