श्वास रोखून

"पुन्हा घ्यावं लागेल. श्वास मधेच सुटला तुमचा," हेडफोनमधून तंत्रज्ञबाईंचा आवाज आला.

एमआरआय मशीनच्या त्या अरुंद नळीत आधीच तिचा जीव टांगणीला लागला होता. मुलाला किडनी कोण देणार, हे ठरवायला घरात सगळ्यांची तपासणी झाली होती. नवऱ्याला मधुमेह निघाला, सासूबाईंचं वय आडवं आलं. उरली ती, सावत्र आई. रक्तगट जुळला होता. आता तिच्या दोन्ही किडन्या नीट काम करतात का, एवढं या मशीननं सांगायचं होतं.

मुलगा तिला अजून काकूच म्हणायचा. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. डायलिसिसची सुई टोचताना तो अंगठा मुठीत आवळून धरायचा. "आईनं शिकवलंय," एवढंच एकदा बोलला होता. त्याची सख्खी आई घर सोडून गेली ती गेलीच, मागे वळून पाहिलं नाही, असं सासूबाई सांगायच्या.

"मुलासाठी करतेय हो," ती नळीतून म्हणाली. "जमेल ना?"

हेडफोनमधला आवाज मऊ झाला.

"घाबरू नका. मीही झोपलेय ह्यात. माझी एक किडनी नुसती नावाला निघाली."

"मग?"

"मग काय, बसले हात चोळत. चला, श्वास घ्या. सोडा. आता रोखा."

या वेळी तिनं डोळे घट्ट मिटून श्वास रोखला. शिरेतून औषध गेलं, हात गार पडला. मशीन ठकठक करत राहिलं.

टेबल बाहेर सरकलं. तोंडाला मास्क लावलेल्या तंत्रज्ञबाई शेजारी उभ्या होत्या. डोळे लालसर दिसत होते.

"कसं आलं हो?"

"ते डॉक्टर सांगतील." बाईंनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दोन्ही किडन्यांत औषध एकदमच शिरलं, दोन्हींनी सारखंच गाळलं. निश्चिंत घरी जा."

तिला रडूच फुटलं. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

बाईंनी सुई काढायला तिचा हात हातात घेतला, तशी ती दचकली. सुईची तिला पहिल्यापासून धास्ती. बाईंनी हळूच तिचा अंगठा आत दुमडला, त्यावर बोटं मिटवली आणि ती मूठ आपल्या हातात धरून ठेवली.

"असा धरा," त्या म्हणाल्या. "तो अजून असाच धरतो ना?"