भोंग्याआधी

भोंगा वाजला आणि पाच जणी एकदम पाण्यात पडल्या. सासूबाई काठावरच्या उडी मारायच्या ब्लॉकवर तशाच वाकलेल्या. मग मागून कुणी ढकलल्यासारखी त्यांनी उडी मारली.

"आई, परत तेच!" काठावरून सून ओरडली.

सून या तलावावर पोहायला शिकवायची. सासूबाई तिच्याकडे आल्या त्या गुडघ्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आल्या आणि पाण्याच्याच होऊन गेल्या. साठी उलटलेली ही बाई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. पण एकदा का हात मारायला लागली, की बरोबरीच्या बायकांची दमछाक व्हायची. घोडं अडायचं ते सुरुवातीलाच. भोंग्यापाशी त्या इतक्या मागे पडायच्या, की ज्येष्ठांच्या स्पर्धेत दरवेळी पदक हाताशी येऊन निसटायचं.

"या वेळी मागे राहिले तर स्पर्धा बंद," त्यांनी घरात जाहीर करून टाकलं. "गुडघ्यापुरतं पोहेन आणि गुपचूप घरी येईन."

सुनेने ते फारच मनाला लावून घेतलं. तिने आधी सासूबाईंचे कान तपासून आणले. कान ठणठणीत. मग ती समोर उभी राहून न सांगता हातातला चेंडू सोडायची. सासूबाई तो जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत. घरी सासरे मनात येईल तेव्हा ताटावर चमचा आपटायचे, की सासूबाई शिलाई मशीनवरून टुणकन उभ्या. एकदा दाराची बेल वाजली आणि त्यांनी अशी उसळी घेतली, की माप द्यायला आलेली बाईच घाबरून खुर्चीत बसली.

"घरात विमान आणि तलावावर मालगाडी," सासरे म्हणाले. "हे काय गौडबंगाल आहे?"

सुनेलाही ते उलगडत नव्हतं. हात चपळ, पाय चपळ, कान शाबूत. मग ब्लॉकवर चढलं की ही बाई थिजते कशाने? शेवटी स्पर्धेच्या सकाळी, टोपीत केस कोंबून देता देता ती म्हणाली, "आई, आज भोंग्याची वाटच बघू नका. नुसता उडीचा विचार करा. मागचा पाय, जोर, पाणी. भोंगा वाजेल त्याचा तो."

सासूबाईंनी मान हलवली. कापडाला कात्री लावण्याआधी हलवायच्या, तशी.

"तयार," पंच म्हणाले. सहा जणी वाकल्या. तलाव चिडीचूप. आणि धप्प!

सासूबाई पाण्यात होत्या. भोंगा अजून वाजलाच नव्हता.

पंच शिट्टीवर शिट्टी फुंकत होते. पण पाण्यात डोकं घातलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? सासूबाई सुटल्या होत्या. सून काठाने धावत निघाली. "आई, थांबा! अहो, थांबा!" पण काय ते हात पडत होते, काय तो पायांचा मारा! तलावाच्या मध्यावर आली तेव्हा आपण काय ओरडत होतो हेच ती विसरली. "मारा, आई! मारा!" ती किंचाळत होती. गॅलरीतले लोक उभे राहिले होते. सासऱ्यांनी कप समजून थर्मासच तोंडाला लावला होता.

सासूबाईंनी भिंतीला हात टेकवला, गॉगल कपाळावर सरकवला आणि मागे वळून बघितलं. अख्खा तलाव रिकामा. पलीकडे पाचही जणी आपापल्या ब्लॉकवर उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या.

पंच जवळ आले. हसू दाबत म्हणाले, "मावशी, तुम्ही बाद. भोंग्याआधी उडी मारलीत."

सून काठावर गुडघे टेकून बसली. "आई, माझंच चुकलं. मीच तुम्हाला नको ते सांगितलं."

सासूबाईंचे खांदे हलत होते. रडताहेत असं वाटून सुनेने हात पुढे केला, तर त्या हसत होत्या. अशा खदखदून, की त्यांच्याभोवतीचं पाणीसुद्धा हेलकावत होतं.

"चूक कसली गं?" सुनेचा हात धरून त्या म्हणाल्या. "जन्मभर मी कुठेही जायला पाऊल उचललं, की मागून कुणीतरी विचारायचंच, 'कुठे निघालीस?' ब्लॉकवरसुद्धा मी त्याचीच वाट बघत थांबायचे बघ. आज कुणी विचारायच्या आत मी इकडे पोचलेसुद्धा!"