बिनवासाचा वाफा

सत्यशीलानं वाफ्यातलं पहिलं रोप मुळासकट उपटलं आणि मग तिचा हात थांबलाच नाही.

अक्षता पुण्याहून निघाली होती, दुपारपर्यंत वाटूरला पोचणार होती. एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये लेक कामाला. दिवाळीत तिनंच हे बी आणलं होतं. चर्व्हिल. थंड मुलखातली, कोथिंबिरीच्या जातकुळीतली. पान चुरगळलं की बडीशेपेसारखा गोड वास सुटतो, त्या वासासाठीच लोक सूपवर भुरभुरतात, असं तिनं सांगितलं होतं. आपल्या हिवाळ्यात ती जमली, तर हॉटेलातल्या मोठ्या शेफला आईच्या हातची नेऊन दाखवायची, हा तिचा हट्ट.

सत्यशीलानं जीव लावला. घराच्या उत्तरेला, शेवग्याच्या सावलीत वाफा केला. संक्रांतीनंतर ऊन चढायला लागलं तशी वर जुनी साडी ताणली. माती सुकू दिली नाही. पानं आली नाजूक, जाळीदार, हिरवीगार. फक्त वास येईना. ती रोज पान चुरगळून नाकाशी न्यायची, चावून बघायची. नुसतं गवत. इथल्या उन्हानं वास मारला, असं तिनं गृहीत धरलं. त्या मोठ्या शेफसमोर लेकीचं हसं होण्यापेक्षा वाफा मोडलेला बरा.

अक्षता फाटकातून आत आली आणि उपटलेला ढीग बघून जागीच थांबली. वाकून तिनं एक काडी उचलली. चेहरा पार उतरला तिचा.

"आई, का उपटलं गं? रस्त्यापर्यंत वास येऊन राह्यला याचा."

पोरगी समजूत घालते आहे, असंच सत्यशीलाला वाटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भागवत ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सकाळपासून घमघमाट सुटलाय, मला वाटलं तू बडीशेप भाजून राह्यली, असं ते मान वर न करताच म्हणाले.

सत्यशीलाच्या हातातला पाला गळून पडला. मागच्या महिन्यात दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा तिनं टीव्हीला दोष दिला होता. भाजीला चव लागेना म्हणून मसाल्याचं दुकान बदललं होतं.

ती तशीच मातीच्या हातांनी स्वयंपाकघरात गेली. फळीवरची हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं, नाकाला लावून जोरात श्वास ओढला. काहीच नाही. भिंत हुंगल्यासारखं.

मागोमाग आलेल्या अक्षतानं दारातच नाकाला ओढणी लावली. काय झालं म्हणून ती विचारत होती.

सत्यशीलानं काठोकाठ भरलेली डबी तिच्यापुढं धरली.

"अक्षता, याला वास येतो का गं?"