वीरेशच्या नावापुढची खूण

"शिक्का गोल पायजे, साहेब. आणि ठळक उठू दे," मल्लव्वा म्हणाली.

तहसील कचेरीतल्या गणपतरावांनी अर्ज पुन्हा वाचला. माहितीचा अधिकार आल्यापासून गावोगावच्या पुढाऱ्यांनी कचेरीचा पिट्टा पाडला होता. ही म्हातारी मात्र शिरोळकडच्या खेड्यातून एकाच नावासाठी आली होती. मागच्या ग्रामपंचायतीला तिच्या मुलानं, वीरेशनं, मत दिलं का? मतदार यादीच्या त्या पानाची नक्कल तिला हवी होती.

"मुलगा कुठं असतो?"

"हुबळीला. त्याच्या आदल्या इलेक्शनवरनंच बापाशी वाजलं. ह्यो दुसऱ्या पॅनेलचा. 'पुन्हा गावात पाय ठेवू नगंस,' म्हणाले मालक. त्यो गेलाच."

"आणि मालक?"

"अंथरुणाला खिळल्यात. दारात कुत्रं हाललं तरी 'वीरेश आला काय?' म्हणून इचारत्यात."

गणपतरावांनी पान काढलं. वीरेशच्या नावापुढे लाल शाईची खूण होती. मत पडलं होतं. निवडणुकीच्या कामात त्यांचे केस पिकले होते. परगावी गेलेल्यांची मतं गावात कोण उरकतं, हे त्यांना काय नवीन होतं? पण एवढ्या आशेनं आलेल्या आईला ते सांगायचं कुणी?

त्यांनी सही करून शिक्का मारला. मल्लव्वानं कागद उजेडाकडं धरून फक्त शिक्का बघितला.

"मालकांस्नी शिक्क्याबिगर कायबी खरं वाटत न्हाय," ती म्हणाली आणि कागद पदराखाली धरून निघाली.

गणपतरावांना राहवेना. ते एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्या मागोमाग गेले.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. खूण आहे म्हणजे वीरेश आला होता, असं नव्हे. त्याच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी मत टाकलं असेल. उगीच आस लावून बसू नका."

मल्लव्वानं डोळ्याला पदर लावला.

"ठाव हाय की. मीच माझ्या भाच्याला, आकारामाला, टाकाय लावलं. मतदानाच्या आदी बहिणीकडं जातो म्हणून हुबळीला गेलतो, तवाच पोराला माती देऊन आलोय मी. मालकांस्नी एवढं तरी कळू दे, त्यो गावात येऊन गेला म्हणून. सुखानं डोळं मिटतील."