रामीबाईचा तास

"दारावर थाप पडली. आतून लेकीनं इचारलं, कोन व्हय?" एवढं बोलून चंदाबाई थांबली.

कुठं थांबायचं, हे तिला बरोबर कळे. गोष्ट तिच्या तोंडून सुटली की बायांचे विळे आपोआप चालत. कपाशीचं तण काढायला पऱ्हाटीच्या एकेका तासात, एकेका ओळीत एकेक बाई, अन् सगळ्यांचे कान चंदाबाईकडे. फक्त कोणी तरी हुंकार द्यायचा. हुंकार नाही तर गोष्ट पुढं जात नाही, अन् हुंकार येतोय तोवर थांबवता येत नाही, असा या बायांचा नेम.

इतकी वर्षं हुंकार असायचा रामीबाईचा. पोळ्याच्या आधी ती तापानं गेली. तिची लेक मोनाली तेव्हापासून रडली नाही, बोललीही नाही. आज चंदाबाईनंच तिला ओढून निंदायला आणलं होतं. पोरीच्या तोंडून एक 'हं' निघावा, एवढ्यासाठी सारी गोष्ट. शेजारचा रामीबाईचा तास मात्र कोणी धरला नव्हता.

मोनालीचा विळा थबकला. ओठ मिटलेलेच.

"कोनी हुंकार देऊन नाई राह्यलं, बुढे. मोबाइलवर गाने लावू का मंग?" रुपीबाई म्हणाली. बाया हसल्या.

"हं."

हसणं तिथंच विरलं. आवाज रिकाम्या तासातून आला होता. भर दुपार, वारा नाही, अन् तिथली पऱ्हाटी तेवढी हलत होती, कोणी बसून निंदत असल्यासारखी.

चंदाबाईला गोष्ट तिथंच तोडावीशी वाटली. पण नेम म्हणजे नेम.

"बाहेरची बाई म्हने, मीच व्हय, बाई."

"हं."

"म्हने, उघड ना."

"हं."

दर हुंकाराला मोनाली त्या तासाकडे एक पाऊल सरकत होती. विळा मागं पडला होता. रुपीबाईनं तिचा हात धरला अन् चटका बसल्यागत सोडून दिला. "अवं, हिचं आंग तं पेटून राह्यलं!"

"लेकीनं कडीले हात लावला..." चंदाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"हं!" हुंकार या वेळी घाईनं आला.

"मोने, तू बोल वं!" चंदाबाई ओरडली. "तू बोल!"

मोनाली थांबली. रिकाम्या तासाकडे पाहत राहिली. मग महिन्याभराचा गंजलेला आवाज फुटला.

"जाय वं माय आता. हुंकार मी देतो."