दोघांच्या वापरासाठी

या एका फोनातून बेरिलला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. क्लिफर्डला बिघडलेल्या कॉम्प्युटरचे पाचशे एकोणपन्नास पाउंड परत मिळाले, की तो उपकार मानणार. उपकार मानले, की रविवारी जेवायला बोलावणार. आणि साठी उलटलेल्या दोन माणसांची रविवारची जेवणं एकदा सुरू झाली, की पुढचं सगळं आपसूक जमत जातं. क्लिफर्डची बायको ऑड्री गेल्यापासून दीड वर्ष, कुंपणाच्या अलीकडे राहून, तिने हा हिशेब मांडला होता. खर्चाच्या बाजूला फोनची दहा-पंधरा मिनिटं, बस्स.

कॉम्प्युटर चौथ्याच महिन्यात बंद पडला होता. दुकानदार म्हणाला, बनवणाऱ्यांशी बोला. बनवणारे म्हणाले, दुकानाशी बोला. बेरिलला हा खेळ तोंडपाठ होता. ब्लॅकपूलच्या एका मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीवर तिचा जन्म गेला होता आणि हेच वाक्य हसून बोलत तिने कितीतरी लोकांना आल्या पावली बस धरायला लावली होती.

"शंभर पाउंडांच्या वरची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली ना, की दुकानाइतकीच कार्डवाली कंपनीही बांधलेली," ती म्हणाली. "दुकान गेलं उडत. कार्ड काढ."

क्लिफर्डने कार्ड काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही.

"खातं ऑड्रीचं आहे. मला तिच्या खात्यावर नुसतं जास्तीचं कार्ड."

"म्हणजे ती गेली हे तू त्यांना कळवलंच नाहीस?"

"दर महिन्याला तिच्या नावाने बिल येतं. मी वेळेवर भरतो. त्यांची काही तक्रार नाही."

"आणि तुझी?"

त्याने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाला, "काल मी फोन केला होता. म्हणाले, खातं ज्यांचं आहे त्यांना फोन द्या. मिसेस हेस्केथना द्या."

"मग देऊ या की मिसेस हेस्केथना," बेरिल म्हणाली.

अशा कामाला कायद्यात एक वाईट नाव आहे. तिला ते माहीत होतं. तिने ते घेतलं नाही. फोनपाशी एकच खुर्ची होती, ऑड्रीची, आणि आजवर तिच्यावर बस असं बेरिलला कोणी म्हटलं नव्हतं. क्लिफर्डने ती स्वतः पुढे ओढली.

पलीकडून ग्लासगोकडच्या बोलीतला एक तरुण आवाज आला. क्लिफर्डने वर्तमानपत्राच्या कडेला ऑड्रीची जन्मतारीख आणि तिच्या आईचं माहेरचं आडनाव लिहून पुढे सरकवलं होतं. बेरिलने दोन्ही न अडखळता सांगितली.

"आज कशा आहात आपण, मिसेस हेस्केथ?"

"पाय सोडले तर ठणठणीत, बाळा. पायांचं काही विचारू नकोस."

क्लिफर्डची पेन्सिल थांबली. पाय ऑड्रीचे दुखायचे. तीस वर्षं कुंपणावरून ऐकलेलं बेरिलच्या तोंडी आपोआप आलं होतं, त्या हेलासकट.

"खरेदी आपल्या यजमानांच्या कार्डावरून झालेली दिसते. कॉम्प्युटर कोणाच्या वापरासाठी घेतला होता?"

खड्डा होता तो इथेच. नवऱ्याच्या, असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच अडकलं असतं, कारण खातं जिचं तिलाही त्या वस्तूचा उपयोग असावा लागतो. खिडकीवर मुरलेली बाई अशा खड्ड्यात पडत नाही.

"दोघांच्या," बेरिल म्हणाली. "संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही दोघं त्यावर फोटो बघतो. त्याला कोणाची नावं आठवत नाहीत, मग मी सांगते. बंद पडल्यापासून नुसता बसून असतो बघ."

"अरेरे," तो आवाज म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. मग बराच वेळ कळांवर बोटं आपटल्याचा आवाज. मागणी मंजूर होती. पैसे दोन आठवड्यांत खात्यावर. "आणखी काही मदत, मिसेस हेस्केथ?"

"नाही रे, बा—"

क्लिफर्डचा हात तिच्या मनगटावर पडला. दीड वर्ष जमेच्या बाजूला लिहून ठेवलेला हात.

"ठेवू नकोस," त्याने नुसते ओठ हलवले. "विचार अजून काहीतरी."

मग बेरिलने विचारलं, ते बंद यंत्र परत द्यायचं का, आणि खोक्यात घालायचं की कसं. विचारलं, तुमच्याकडे वारा आहे का, इथे फ्लीटवूडला तर उभं राहवत नाही. विचारलं, वेळेवर जेवतोस ना बाळा. पलीकडचा मुलगा अदबीने उत्तरं देत राहिला. क्लिफर्ड डोळे मिटून ऐकत होता. हात होता तिथेच होता. एकदाही त्याने डोळे उघडून, ही कोण बोलते आहे, ते पाहिलं नाही.

शेवटी फोन ठेवावा लागलाच. क्लिफर्ड उठला, किटली चढवली.

"रविवारी ये," तो ओट्याकडे तोंड करून म्हणाला. "जेवायलाच ये. इथेच बस, या खुर्चीत."

त्याने चहा आणून तिच्यापुढे ठेवला. न विचारता दोन चमचे साखर घातली, ढवळली, चमचा बशीत उपडा ठेवला. बेरिलने जन्मात चहात साखर घेतली नव्हती.

"बरोबर झालाय ना?" त्याने विचारलं.

"अगदी," ती म्हणाली.

दुकानाने एक पेनीही दिली नाही. कार्डवाल्या कंपनीने पाचशे एकोणपन्नास पाउंड दिले. बाकीचं बेरिलने, तळाशी राहिलेल्या साखरेसकट, एका दमात पिऊन टाकलं.