उतरवणी

पहिली गाठ सुटली आणि किल्लीवाल्याचा गुडघा पुन्हा ठणकायला लागला.

"उतरली?" मावशींनी विचारलं.

"उतरली," तो गुडघा चोळत म्हणाला.

मावशी म्हणजे चेटकिणींच्या मंडळातली सगळ्यात वडीलधारी बाई आणि त्याच्या बायकोची सख्खी मावशी. मंडळाचा नियम जुना होता. चेटकिणीला नवऱ्यापासून वेगळं व्हायचं असेल, तर त्याच्यावर केलेली प्रत्येक जादू आधी उतरवायची. जादू करताना दोऱ्याला एकेक गाठ मारलेली असायची, ती त्याच्यासमोर सोडायची. दोरा सरळ झाला आणि नवऱ्याने "काही राहिलं नाही" असं तोंडाने म्हटलं, की दोघं मोकळी. उतरवणी म्हणत याला.

लग्न दोघांनी सोयीसाठीच केलं होतं. त्याला घर हवं होतं आणि एकट्या पुरुषाला कोणी घर भाड्याने देत नव्हतं. तिला औषधांचं दुकान काढायचं होतं आणि बिनलग्नाच्या चेटकिणीला मंडळ परवानगी देत नव्हतं. एका दुपारी ती कपाटाची किल्ली करून घ्यायला त्याच्या टपरीवर आली. बोलता बोलता एकमेकांची अडचण कळली आणि महिन्याभरात लग्न उरकलंसुद्धा. खोल्या वेगळ्या, चहा आपापला, गरज संपली की कटकट न करता वेगळं व्हायचं, असं ठरलं. आता मंडळाने लग्नाची ती अटच रद्द केली होती. बातमी तिनेच सांगितली, भाजी निवडता निवडता. "मग काय करायचं?" तिने विचारलं. "ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला. दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचलंच नाही.

तसं गेले काही महिने त्याला काहीच धड सुचत नव्हतं. परवा एक बाई तावातावाने टपरीवर परत आल्या. त्यांना करून दिलेली किल्ली त्यांच्या दाराला लागत नव्हती. त्याने निरखून पाहिलं, तर ती त्याच्या स्वतःच्या घराची निघाली. बायकोला दुकानातून यायला उशीर झाला की त्याला जेवण जात नसे, आणि ती आली की तिच्यासमोर जेवायची लाज वाटे. याला काय म्हणावं? चाळिशीतला धडधाकट माणूस, आणि हे काय होऊन बसलं? पुष्कळ डोकं खाजवून त्याने एकच निष्कर्ष काढला. बायको चेटकीण आहे, तिनेच काहीतरी केलंय. खरं तर याचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता, म्हणजे तीही त्याच जादूची करामत असणार.

दुसरी गाठ सुटली आणि दाढेतून कळ आली. "उतरली," तो गाल धरून म्हणाला. तिसरी सुटली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. आईचा होता. लग्न झाल्यापासून तिने "नातवंड कधी?" असं एकदाही विचारलं नव्हतं, त्याचं कारण त्याला आत्ता कळलं. "उतरली," म्हणत त्याने फोन बंद केला. मावशींनी खोकल्याच्या निमित्ताने हसू दाबलं.

आता एकच गाठ उरली. बायको ती नखाने उकरत होती, पण तिची बोटं काही केल्या चालत नव्हती. सकाळपासून तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. हीच ती गाठ, त्याने ओळखलं. सुटेल एकदाची, असं त्याने मनाशी म्हटलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ही सुटली की तो बरा होणार. किल्ल्या नीट होणार, जेवण जाणार, आणि ती घरी आली काय, न आली काय, त्याला सारखंच वाटणार. असलं बरं होणं त्याला नको होतं. "राहू द्या ती," असं ओठांवर आलं, पण मावशींसमोर जीभ रेटेना. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"सुटली," बायको म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तिच्या केसांना कसल्याशा वाळक्या पाल्याचा चुरा लागला होता. तो आपण झटकावा असं त्याला वाटलं. काल वाटलं असतं, अगदी तेवढंच वाटलं.

"ही... ही कशाची होती?"

"घोरण्याची," ती खाली बघत म्हणाली. "माझ्या खोलीत ऐकू यायचं तुमचं घोरणं."

त्याने दोरा हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. कुठे काही अडकलं नाही. मग हे काय आहे? तो पुरता चक्रावला.

"बोला जावईबापू," मावशी म्हणाल्या. "काही राहिलं? नाही म्हणा, की झालं."

"राहिलंय," तो म्हणाला. "अजून एक आहे. हिची गाठ मारायची राहून गेली असेल. हिचं पाऊल जिन्यावर वाजलं की मला धड बसवत नाही, मावशी. आणि ही या घरातून जाणार म्हटल्यापासून तर..." त्याने दोरा मुठीत आवळला. "हिने माझ्यावर काहीतरी केलंय. पण ते उतरवू नका. तेवढं राहू द्या."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे कान लालबुंद झाले होते. मावशींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि कपाळाला हात लावला.

"ही परवा रडत माझ्याकडे आली होती," त्या म्हणाल्या. "म्हणे, मावशी, त्यांनी माझ्यावर काय केलंय ते तू शोधून काढ, पण उतरवू नकोस."